गाडी खाली घेताना: कॉइलओव्हरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत: बाजारातून आणून बसवलेल्या कॉइलओव्हरवर गाडीची उंची कमी कशी करायची. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. शॉकरच्या नळीला बाहेरून आटे असतात, त्या आट्यांवर रिंग फिरते आणि स्प्रिंग त्या रिंगवर टेकते. रिंग खाली गेली की गाडी खाली येते. काम इतकं सोपं दिसतं, म्हणूनच त्यात चुका होतात. रिंगबरोबर चाकाला वर जायला उरलेली जागा बदलते, चाकाचे कोन बदलतात, हेडलाइटचा झोतही बदलतो. आम्हाला उंचीपेक्षा या उरलेल्या जागेची काळजी जास्त आहे, आणि खालच्या उत्तरांत ती वारंवार दिसेल.

प्रश्न: माझ्या हॅचबॅकला गॅरेजमध्ये कॉइलओव्हर बसवून घेतले. गाडी अजून २० मि.मी. खाली हवी आहे. हे घरी करता येईल का? हत्यारं कोणती आणि क्रम काय? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: करता येईल. स्प्रिंग काढावी लागत नाही, शॉकरच्या दांड्याचा वरचा नट तर सोडायचाच नाही. स्प्रिंग दाबलेली असताना तो नट निघाला तर जीवावर बेतू शकतं. चारही चाकांना मिळून अर्धा दिवस धरा.

हत्यारांत चांगला हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), चाकांमागे लावायच्या उट्या, रिंगच्या खाचांत अडकणारे दोन हूक पाने, पितळी तारांचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, स्टीलची पट्टी, मार्कर, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा) आणि वही. हूक पाने किटबरोबर येतात. हरवले असतील तर सियागंजात हत्यारांच्या दुकानात विचारा, पण जाताना रिंगचा बाहेरचा व्यास मोजून न्या. ढिला बसणारा पाना अ‍ॅल्युमिनियमच्या खाचा गोल करून टाकतो.

आधी मापं. घराच्या पोर्चला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो आणि तिथे मोजलं की डाव्या-उजव्या बाजूत नसलेला फरक दिसतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची जमीन तपासा. टायरमध्ये ठरलेली हवा, अर्धी टाकी पेट्रोल, रिकामी डिकी, सरळ स्टिअरिंग. आता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून कडेपर्यंत मोजू नका, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. चारही आकडे वहीत लिहा.

मग आट्यांचं माप घ्या. पट्टी लावून दहा आट्यांचं अंतर मोजा आणि दहाने भागा. समजा २ मि.मी. आले, तर एका पूर्ण फेरीत रिंग २ मि.मी. सरकते. पुढे शॉकर आणि स्प्रिंग चाकाजवळ जवळजवळ उभे असतात, त्यामुळे २० मि.मी.साठी दहा फेऱ्यांच्या आसपास लागतात. मागे हिशेब वेगळा आहे. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई) असतो आणि स्प्रिंग शॉकरपासून वेगळी, चाकाच्या अक्षापेक्षा पुढे बसलेली असते. तिथे रिंग थोडी हलली की चाकापाशी जास्त फरक पडतो. म्हणून मागे आधी पाचच फेऱ्या फिरवा, गाडी खाली ठेवून मोजा. रिंग १० मि.मी. सरकून मापात १४ चा फरक पडला, तर २० साठी साधारण सात फेऱ्या पुरतात. हा आकडा प्रत्येक गाडीत निराळा असतो, दुसऱ्याच्या गाडीवरून घेऊ नका.

हँडब्रेक लावा, उट्या ठोका आणि पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून घोड्यांवर घ्या. एकच चाक उचललं तर अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचा कल रोखणारी दांडी) दुसऱ्या बाजूच्या जोरावर ते वर धरून ठेवतो, स्प्रिंग पूर्ण सैल होत नाही आणि रिंग फिरता फिरत नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली हातही घालू नका. मागची चाकं उचलाल तेव्हा हँडब्रेकवर विसंबू नका, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना लागतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या लावा.

चाक काढल्यावर रिंगच्या खालचे आटे ब्रशने घासून स्वच्छ करा. तिथली चिखलाची भुकटी रिंगबरोबर आट्यांत शिरली की आटे खरवडतात. सहसा वरची रिंग स्प्रिंगची बैठक असते आणि खालची लॉक रिंग. वरची एका पान्याने धरून खालची सोडवा आणि बरीच खाली न्या. मग बैठक खाली घ्या. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे पाठ करण्यापेक्षा अर्धी फेरी फिरवून रिंग कुठे जाते ते पाहा. रिंगवर आणि स्प्रिंगवर मार्करने एकेक रेघ ओढून ठेवा, म्हणजे स्प्रिंगच रिंगबरोबर फिरत असेल तर लगेच कळेल. दोन्ही बाजूंना सारख्या फेऱ्या द्या, आणि शेवटी बैठकीपासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर मोजून पडताळा. फेऱ्या मोजताना चुकायला फार वेळ लागत नाही. मग लॉक रिंग वर आणून घट्ट करा. पान्याला पाइप लावून जोर देऊ नका, हातोडीही नको.

चाक चढवण्याआधी तीन गोष्टी बघा. स्प्रिंग हाताने हलवून पाहा: चाक लोंबकळत असताना ती बैठकीवर खुळखुळत असेल तर रिंग मर्यादेपलीकडे खाली गेली आहे. खड्ड्यात चाक पूर्ण खाली उतरलं की स्प्रिंग बैठक सोडेल आणि परत येताना तिरकी बसेल. अशा वेळी किटबरोबरची हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी स्प्रिंग) लावा, नाहीतर रिंग वर घ्या. दुसरं, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणलेली नको. तिसरं, चाक बसवून हाताने फिरवा आणि टायरची आतली बाजू व खाली आलेली रिंग यांत निदान ५ मि.मी. फट आहे ना ते पाहा. रिंग वर असताना टायरच्या डोक्यावर असते, खाली आली की त्याच्या बाजूला येते. किट उंच ठेवलेल्या गाडीत हा प्रश्नच येत नाही, म्हणून तो विसरला जातो.

गाडी खाली उतरवून चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि मोजण्याआधी गाडी तीन मीटर मागे-पुढे ढकला. जॅकवरून उतरल्यावर टायर जमिनीला धरून राहतात, पसरत नाहीत, आणि गाडी खोटी उंच दिसते. वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा मोजा.

आता एक काम, जे बहुतेक ठिकाणी राहून जातं. लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) आणि मागच्या बीमचे बुश, म्हणजे सांध्यातले गट्टू, रबराचे असतात, त्यांची आतली नळी बोल्टने पक्की धरलेली असते. जुन्या उंचीला आवळलेला बोल्ट तसाच राहिला तर नव्या उंचीला रबर कायम पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं आणि तोवर गाडी थोडी वर धरून ठेवतं. चाकांवर पूर्ण वजन असताना, गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, हे बोल्ट सैल करून पुन्हा टॉर्कला आवळून घ्या. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, मग हेडलाइट. काचेमागे कॅमेरा असलेली, आपणहून ब्रेक लावणारी गाडी असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही लागतं, कारण त्याची नजर गाडीच्या उंचीवर आणि झुकावावर अवलंबून आहे.

प्रश्न: सेडान ४० मि.मी. खाली घेतली आहे. एकटा असताना छान चालते. घरचे पाच जण ओंकारेश्वरला निघालो की भेरूघाटात मागून दणके बसतात, आणि कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर मधला भाग घासतो. नक्की किती खाली योग्य? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: यात दोन वेगळे आजार आहेत. घासणं हा जमिनीपासूनच्या अंतराचा, दणके हा स्प्रिंगच्या प्रवासाचा.

स्पीडब्रेकरचं गणित आधी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १०० मि.मी. उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. तुमच्या सेडानचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २.६ मीटर धरला, तर पुढची-मागची चाकं त्याच कमानीवर असताना मधला भाग चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ५० मि.मी. वर येतो. म्हणजे नियमाने बांधलेला स्पीडब्रेकर खाली घेतलेल्या गाडीलाही सहन होतो. कॉलनीतला हातभरच रुंद, पण उंचीला तेवढाच १०० मि.मी.चा गतिरोधक मात्र पूर्ण १०० मि.मी. मागतो. आता गाडी बघा: मुळात १६५ मि.मी. क्लिअरन्स, त्यातून ४० गेले, राहिले १२५. पाच माणसं आणि सामान चढलं की अजून २५ ते ३५ जातात. उरले ९० ते १००. घासणारच. तिरकं घेतल्याने थोडी मदत होते, पण भर वस्तीत रोज तसं करणं धोक्याचं आहे.

दणक्यांचं कारण शोधायला दोन रुपयांचा प्लॅस्टिकचा टाय पुरतो. शॉकरच्या चकचकीत दांड्यावर, धूळ अडवणाऱ्या रबराखाली, केबल टाय घट्ट बांधा आणि शॉकरच्या नळीपर्यंत खाली सरकवून ठेवा. पाचही जण बसवून नेहमीच्या रस्त्याने एक चक्कर मारा. टाय वर जिथे थांबला तिथपर्यंत नळी आली होती. तो बम्पस्टॉपच्या (दांड्यावर वरच्या टोकाला असलेला, शेवटचा धक्का झेलणारा मऊ गट्टू) आधी थांबला असेल तर उत्तम. बम्पस्टॉपला टेकून थोडा दाबला गेला असेल तर चालेल. बम्पस्टॉप निम्म्याहून जास्त चेपला गेल्याची खूण असेल, तर गाडी तुमच्या वापरासाठी फार खाली आहे, मग ती दिसायला कितीही चांगली दिसो. दणके थांबावेत म्हणून काही ठिकाणी बम्पस्टॉप कापून टाकतात. तसं करू देऊ नका. तो गेला की दणका थेट धातूवर बसतो आणि शॉकरचं सील, आतली व्हॉल्व्ह आणि वरचा माउंट तिन्ही जातात.

आमचं मत असं: चालक एकटा असताना बम्पस्टॉपपर्यंत पुढे ४५ ते ५० आणि मागे ६० मि.मी. दांडा मोकळा दिसला पाहिजे. मागे जास्त, कारण माणसं आणि सामान मुख्यतः मागे बसतं. कुटुंबाच्या गाडीत हे जमवायचं तर मूळ उंचीपेक्षा २० ते ३० मि.मी. खाली, यापलीकडे जाता येत नाही. तुम्ही मागे १५ मि.मी. आणि पुढे १० मि.मी. वर या, मग टाय पुन्हा लावून बघा.

पुढच्या बाजूला आणखी एक मर्यादा आहे. लोअर आर्मच्या आतल्या बोल्टची जमिनीपासून उंची मोजा आणि बाहेरच्या, चाकाकडच्या सांध्याची, म्हणजे बॉल जॉइंटची मोजा. बॉल जॉइंट आतल्या बोल्टपेक्षा वर गेला असेल, तर मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकर आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब चाकाला धरतो अशा) गाडीत रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली गेलेला असतो. परिणाम उलटा होतो: खाली घेतलेली गाडी वळणावर जास्त कलायला बघते. मग लोक आणखी कडक स्प्रिंग शोधतात. आर्म निदान आडवा राहील इथे थांबा.

आणि डॅम्पिंगचा, म्हणजे शॉकरचा कडकपणा बदलणारा नॉब. मागची बाजू बसते म्हणून तो पूर्ण कडक केला असेल तर मोकळा करा. एकाच नॉबच्या बहुतेक किटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडण्याचा वेग. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटेसारखे होतात. अशा रस्त्यावर रिबाउंड फार कडक असला तर एका लाटेतून स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरी येते. दर लाटेला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बम्पस्टॉपवर आदळते. नॉब पूर्ण कडक करून तिथून उलट क्लिक मोजा, निम्म्यावर आणा आणि एकावेळी दोनच क्लिक बदलत जा.

प्रश्न: गाडी कडक व्हावी म्हणून मिस्त्रीने स्प्रिंग “टाइट” केल्या. गाडी वर आली, आणि आता खड्ड्यात चाक उतरलं की वरून टक् असा ठोका येतो. किटला खालीही वेगळी फिरणारी ब्रॅकेट आहे. (महू)

उत्तर: स्प्रिंग आवळून कडक होत नाही. आकडे घेऊन बघा. तुमची स्प्रिंग ६ किलो प्रति मि.मी.ची आहे असं धरू, म्हणजे एक मि.मी. दाबायला ६ किलो लागतात. चाक, ब्रेक, हब सोडून पुढच्या एका स्प्रिंगवर २७० किलो येत असतील तर ती ४५ मि.मी. दबणार. आधीच ५ मि.मी. आवळून ठेवली, तर गाडी उभी केल्यावर शॉकर ४० मि.मी. आत जातो. ३० मि.मी. आवळली तर फक्त १५ आत जातो. गाडी २५ मि.मी. वर आली, पण पुढचा प्रत्येक मि.मी. दाबायला अजूनही ६ च किलो लागतात. बदललं एवढंच की चाकाला खाली उतरायला पूर्वी ४० मि.मी. होते, आता १५ उरले. खड्डा त्याहून खोल आला की शॉकर पूर्ण ताणला जाऊन आत ठोका बसतो. तोच तुमचा टक्. (वेटोळ्यांमधलं अंतर कमी-जास्त असलेल्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचं गणित थोडं निराळं असतं, तिची जवळची वेटोळी आवळल्यावर मिटतात.)

तुमच्या किटमध्ये उंची खालच्या ब्रॅकेटवर बदलायची असते. चाक लोंबकळत असताना बैठक इतकीच खाली आणा की स्प्रिंग हाताने खुळखुळणार नाही, त्यानंतर ती किटच्या पत्रकात दिलेल्या आकड्याएवढी आवळा. पत्रक नसेल तर २ ते ५ मि.मी. पुरे. ती तिथेच लॉक करा आणि विसरा. मग ब्रॅकेटची लॉक रिंग सोडून, शॉकरची नळी ब्रॅकेटमध्ये फिरवून उंची घ्या. नळी ब्रॅकेटमध्ये किमान किती आत हवी याची खूण बनवणाऱ्याने दिलेली असते, ती ओलांडून उंची वाढवू नका. गाडीचं अख्खं वजन त्या थोड्या आट्यांवर येतं.

या प्रकारात शॉकरचा प्रवास तसाच राहतो, हा मोठा फायदा. पण तेवढ्यामुळे निर्धास्त राहू नका. बम्पस्टॉप लागायच्या आधी टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लागू शकतो. एकदा गॅरेजमध्ये स्प्रिंग काढून, जॅकने चाक बम्पस्टॉपपर्यंत उचलून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघायला सांगा.

प्रश्न: पुढचा डावा कोपरा ८ मि.मी. खाली होता. तेवढाच वर घेतला. आता जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे जाते. (देवास)

उत्तर: चार पायांच्या चौरंगाच्या एका पायाखाली चिठ्ठी सरकवली की काय होतं? तो पाय आणि त्याच्या कर्णावरचा पाय भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. तुमच्या गाडीचं तेच झालं आहे. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जड, पुढचं उजवं हलकं. हळू ब्रेक लावताना कळत नाही. जोरात लावला की हलकं चाक लवकर घसरायला लागतं, एबीएस त्याचा दाब कमी करतं, डावं चाक मात्र जास्त पकडतं आणि गाडीला आपल्याकडे ओढतं.

मूळ शंका मापावरच घ्यायला हवी होती. गाडीची बॉडी कडक असते. सपाट जमिनीवर, चारही टायर सारखे असताना, तिचा एकच कोपरा खाली असू शकत नाही. पुढचं डावं ८ ने खाली असेल तर मागचं डावंही उजव्यापेक्षा साधारण तेवढंच खाली दिसायला हवं. तसं नसेल तर जमीन वाकडी आहे, टायरची हवा वेगळी आहे किंवा मडगार्ड कधीतरी ठोकून बसवलेलं आहे. रिंग जुन्या जागी आणा. मग मडगार्ड सोडून, बॉडीखाली जॅक लावायच्या चार जागांपासून सपाट जमिनीपर्यंत मोजा. डावी बाजू दोन्हीकडे खरोखर खाली निघाली तर पुढे-मागे दोन्ही डावीकडे वर या. हे करताना अँटी-रोल बारची एका बाजूची लिंक सोडून ठेवा आणि शेवटी जोडा. बोल्ट सहज आत जात नसेल तर बार अजून पिळलेला आहे.

धर्मकाट्यावर गाडी तोलून हा दोष सापडत नाही. तिथे पुढचं-मागचं आणि डावं-उजवं वजन कळेल, पण कर्णाचं कळणार नाही. त्यासाठी चार चाकांखाली चार वेगळे काटे लागतात.

प्रश्न: दोन पावसाळे झाले, रिंग हाललेली नाही. आता ती पूर्ण जाम आहे. गॅसने तापवू का? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर: ज्योत नको. शॉकरमध्ये तेल असतं, बऱ्याच किटमध्ये दाबाखालचा नायट्रोजनही असतो, आणि सील रबराचं. तापलेला शॉकर फुटू शकतो.

रिंग अ‍ॅल्युमिनियमची आणि नळी पोलादी असेल, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. आटे ब्रशने घासा, गंजाचा स्प्रे रिंगच्या वरून आणि खालून मारा, रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा मारा. मग किटलीभर उकळतं पाणी फक्त रिंगवर ओता, ब्रेकचा होज आणि स्वतःचे हात सांभाळून. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे रिंग क्षणभर सैल होते. लगेच पाना लावा. पहिला जोर आवळायच्या दिशेने, अगदी थोडा, मग सोडायच्या दिशेने. हलली की एकदम खाली ओढू नका. पाव फेरी पुढे, पाव मागे, मध्ये स्प्रे आणि ब्रश. कुरकुर करत फिरणारी रिंग तशीच ओढत नेली तर तिचे आटे निघून येतात. खाचाच गेल्या असतील तर रिंग दोन ठिकाणी करवतीने कापून नवी घालणं बरं, नळीवर छिन्नी चालवणं नको.

पुढच्या वर्षी हे होऊ नये म्हणून जूनच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास आटे धुऊन, वाळवून, अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणारा लेप) पातळ हात द्या. जाड ग्रीस थापू नका, त्यात वाळू रुतते. रिंग एक फेरी वर-खाली करून परत त्याच जागी लॉक करा.

प्रश्न: ३० मि.मी. खाली घेतल्यावर चार हजार किलोमीटरमध्ये पुढचे टायर आतून गेले. सगळे म्हणतात कॅम्बर. (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: इतक्या लवकर गेले असतील तर आमचा पहिला संशय कॅम्बरवर (चाकाचा उभा कल) नाही, टो वर (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळली आहेत ते). उंची बदलली की टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) कोन बदलतो आणि चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळतात. टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टो. सगळीकडे गुळगुळीत, पण आतली कड झिजलेली, तर कॅम्बर. उणे एक ते दीड अंशाच्या कॅम्बरने (चाकाचा माथा आत झुकलेला), टो बरोबर असेल तर, चार हजारांत टायर संपत नाही.

अलाइनमेंटला जाताना डिकी रिकामी आणि हवा बरोबर ठेवा. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही छापील कागद मागा. आधी कॅम्बर, नंतर टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टने जोडलेला असेल तर एका बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसतो. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहू देऊ नका. मागे टॉर्शन बीम असेल तर तिथे फिरवायला काही नसतं, फक्त शिम, म्हणजे पातळ पत्र्या, घालता येतात. रिंगला पुन्हा हात लागला की अलाइनमेंट पुन्हा.

प्रश्न: गाडी जुनी, एबीएस नाही. खाली घेतल्यापासून ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. (उज्जैन)

उत्तर: गाडी चालवणं आजच थांबवा आणि मागच्या अ‍ॅक्सलजवळ बॉडीला लावलेला एक व्हॉल्व्ह शोधा, ज्याला स्प्रिंग किंवा दांडी लावून ती अ‍ॅक्सलशी जोडलेली असते. तो भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. बॉडी अ‍ॅक्सलच्या जवळ आली की मागे सामान भरलं आहे असं समजून तो मागे जास्त दाब सोडतो. तुम्ही बॉडीच खाली आणलीत, त्यामुळे रिकामी गाडी त्याला कायम भरलेली वाटते. दांडीची लांबी किंवा ब्रॅकेट नव्या उंचीप्रमाणे जुळवावी लागते, आणि नंतर मागच्या ब्रेकचा दाब गेज लावून मॅन्युअलशी ताडून घ्यावा लागतो. हे अंदाजाने करायचं काम नाही. जुळवता येत नसेल तर मागची उंची मूळ जागी न्या.

प्रश्न: हे कायद्यात बसतं का? (विजयनगर, इंदूर)

उत्तर: मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून किट विकत घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो. मूळ स्प्रिंग आणि शॉकर भंगारात देऊ नका, तेल लावून जपून ठेवा.

प्रश्न: उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुढून टंग् असा आवाज येतो आणि स्प्रिंग उडी मारल्यासारखी वाटते. (राऊ)

उत्तर: स्प्रिंगने स्ट्रटबरोबर सहज फिरायला हवं, ती अडकते, पीळ साठतो आणि एकदम सुटतो. बॉनेट उघडून टॉप माउंटवर (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग, त्यात बेअरिंग असतं) हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. धक्का हाताला लागला तर बेअरिंग गेलेलं आहे, नाहीतर ते उलटं बसवलं आहे किंवा त्याखालचा वॉशर राहिला आहे. किटबरोबर आलेल्या आकृतीशी तुकड्यांचा क्रम ताडून पाहा. वरचा नट इम्पॅक्ट गनने आवळलेला असेल तर दांडा आतल्या आत फिरून सीलही दुखावलेलं असू शकतं. दांड्यावर तेलाची ओल दिसते का तेही त्याच वेळी बघून घ्या.